बारा नंबरचा नळ

४ फेब्रुवारी

ही वही माझी नाही, ऑफिसची आहे. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेत : क्रमांक, ठिकाण, वेळ, क्लोरीन, शेरा. मी रकान्यांवरून आडवंच लिहिणार आहे. भाऊजींनी ती कपाटातून उचलून आणली आणि ताईने माझ्यापुढे आपटली. "रोज दोन ओळी लिही. तीन वर्षं कुठं कुठं उंडारलास ते तुला धड सांगतासुद्धा येत नाही."

खरंच येत नाही. ट्रकवर क्लीनर आधी होतो की सरबताच्या गाडीवर, यावर काल आमचा अर्धा तास वाद झाला. बोटीवरचे दिवस मात्र लक्षात आहेत, कारण ते सतरा दिवस मी नुसता ओकत होतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला अजून भिंगरी म्हणते. पाचवा महिना चालू आहे तिला. लग्नाला आठ वर्षं झाली. याआधी दोनदा जे झालं त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. भाऊजींची पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळी असते, घरात कुणीतरी हवं, म्हणून मला बोलावलं. आणि मला बसवून खायला घालायचं नाही म्हणून भाऊजींनी तिथल्याच प्रयोगशाळेत चिकटवलं. शहरातल्या बारा ठिकाणच्या नळांचं पाणी दर आठवड्याला बाटल्यांत भरून आणायचं.

"मेहुणेबुवा, हे तरी दोन महिने टिकवा," भाऊजी म्हणाले. "पाणी भरायचंय फक्त. त्यात बिघडवण्यासारखं काही नाही."

५ फेब्रुवारी

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक खुरडत चालणारा फ्रीज. तिथे केमिस्ट बाई असतात. चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोलताना माणसाकडे न बघता बाटलीकडे बघतात. वरच्या मजल्यावर साहेब.

माझ्याआधी नमुने आणणारे काका या आठवड्यात निवृत्त होतायत. त्यांनी आज मला सगळीकडे फिरवलं. एक नंबर मोठ्या टाकीवर, तीन नंबर टेकडीवरच्या बंगल्यांत, नऊ नंबर बाजारामागे, बारा नंबर खालच्या गल्लीत. बारा नंबर म्हणजे आमच्या ताईच्याच चाळीच्या अंगणातला नळ! मला उगाच अभिमान वाटला.

टेकडीवर हिरवळीवर फवारे चालू होते. एक कुत्रा त्याखाली आडवा पडून अंघोळ करत होता. मी बघतच उभा राहिलो.

"वर दिवसभर पाणी, खाली चाळीस मिनिटं," काका म्हणाले. "नळ जातो तेव्हा खालचा पाईप रिकामा होतो. रिकामा पाईप चोखतो बरं का, लहान पोरासारखा. शेजारून गटार गेलंय. काय चोखत असेल सांग?"

कुत्र्याचं नाव विचारायचं राहिलं.

परत आल्यावर बाई म्हणाल्या, "भिंतीवर सूचना लावल्यात, वाचून घे." त्यांच्याच हातच्या, टपोऱ्या अक्षरात. एक : हात धुवा. दोन : नळाची तोटी ज्योतीने भाजून घ्या. तीन : दोन मिनिटं पाणी वाहू द्या. चार : प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा. तेवढ्यात कागदामागून एक पाल निघाली, शेपटी नसलेली. तिला नवीन शेपटी किती दिवसांत येते यावर माझी आणि शिपायाची पैज लागली. तो म्हणतो महिना, मी म्हणतो दोन.

११ फेब्रुवारी

पहिल्यांदा एकटा गेलो. प्रत्येक ठिकाणी दोन भांडी भरायची. प्लास्टिकचा मोठा कॅन पाण्यातले क्षार वगैरे बघायला, आणि काचेची छोटी बाटली जंतू बघायला. शिवाय जागेवरच एका नळीत पाणी घेऊन दोन थेंब औषध टाकायचं. पाणी पिवळं होतं. जितकं पिवळं तितका क्लोरीन. पट्टीवर रंगांचे चौकोन आहेत, फिकट लिंबापासून गडद पिवळ्यापर्यंत. जुळवायचे आणि आकडा लिहायचा. हे मला फार आवडलं. बारा नंबरला भरपूर पिवळं झालं. ताई गॅलरीतून ओरडली, "काय रे, सरबत करतोस काय?"

काचेच्या बाटल्या नीट धुतलेल्या नसतात. तळाला पांढरट डाग असतो. सरबतवाल्याने पेल्याला डाग दिसला म्हणून मला एकदा कानाखाली दिली होती. तेव्हापासून मी कुठलंही भांडं ज्यात भरायचं त्याच पाण्याने तीनदा विसळल्याशिवाय भरत नाही. कॅनला तीनदा आणि बाटलीला तीनदा. काका हे करत नव्हते. कॅन विसळायचे, बाटली तशीच भरायचे. म्हातारा माणूस, कंटाळा येत असणार.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट आला. बारापैकी बारा चांगले!

साहेबांनी वर बोलावलं. त्यांच्या खोलीत मोठं मत्स्यालय आहे. "गेली सहा वर्षं नऊ नंबर आणि बारा नंबर सारखे नापास," साहेब म्हणाले. "मी त्या म्हाताऱ्याला सांगून थकलो, की तुझ्या हातालाच घाण आहे. तंबाखू मळायची आणि बाटली धरायची. तुझ्या हाताला गुण आहे."

माझ्या हाताला आजवर कुणी काही चांगलं म्हटलं नव्हतं.

बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग विचारलं, "खालच्या गल्लीत पाईप बदलले का रे?" मी म्हटलं, खणलेलं तर काही दिसलं नाही. त्या "हं" म्हणाल्या आणि सही केली.

२६ फेब्रुवारी

ताई रोज सकाळी दोन मोठी पातेली पाणी उकळते. पाय सुजलेत तरी शेगडीसमोर उभी. वाफेने तिला मळमळतं. मग ते निववायचं, गाळायचं, भरायचं. मी म्हटलं, बंद कर हे. खिशातून रिपोर्टची नक्कल काढली. बारा नंबरपुढे बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! मी स्वतः भरलंय, माझ्या हाताने."

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. "बघा हो," भाऊजींना म्हणाली, "आमचा भिंगरी आता सरकारी माणूस झाला."

संध्याकाळी नळ आला तेव्हा तिने थेट तोटीखाली पेला धरला. तोंडाशी नेऊन जरा थांबली. मग एका दमात पिऊन टाकला. गरोदर बायकांना म्हणे सगळ्याचाच वास येतो.

५ मार्च

बाई आज खुशीत होत्या, कारण फ्रीज दुरुस्त झाला. म्हणाल्या, माणूस म्हणजे दोन तृतीयांश पाणीच. म्हणजे मी चालतं पिंप. भाऊजी जरा मोठं पिंप. जगात दुसरा कुठला पदार्थ एवढ्या गोष्टी आपल्यात विरघळवून घेत नाही, म्हणाल्या; हाच त्याचा मोठेपणा आणि हीच पंचाईत, चांगलं-वाईट काही बघत नाही, सगळ्यांना पोटात घेतं. पोटातलं मूल तर पाण्यातच पोहत असतं. घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच लाथा मारतंय. पोहायला शिकतंय."

मला हात लावून बघू दिलं. लाथ नव्हती ती, नुसती टकटक. दार उघडा म्हणावं तशी.

१२ मार्च

काका बाजारात भेटले. मी बढाई मारली, पाच आठवडे झाले, सगळे नमुने पास. नऊसुद्धा, बारासुद्धा. मला वाटलं शाबासकी देतील.

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे एवढी वर्षं माझ्याच हाताला घाण होती म्हणायची," म्हणाले. आणि पिशवी तिथेच विसरून चालायला लागले. मी धावत जाऊन दिली. आत कांदे होते.

का कोण जाणे, दिवसभर कशातच मन लागलं नाही.

२४ मार्च

पालीला अर्धी शेपटी आली. शिपाई म्हणतो अर्धी म्हणजे आलीच. मी पैज मान्य करत नाही.

चाळीत शिवणकामवालीला कावीळ. तिच्या शेजारच्या दोघांनाही. गल्लीत सगळे पाण्याला नावं ठेवतायत. "सकाळी पहिली बादली वास मारते," म्हणतात. एकजण माझ्या अंगावर आला, तुम्ही ऑफिसवाले झोपा काढता. मी त्याला रिपोर्ट दाखवला. सहा आठवड्यांचे सहा रिपोर्ट, बारा नंबर, एकही जंतू नाही. तो मागे सरकला. मी म्हटलं, बाहेरचं खाणं कमी करा.

फार बरं वाटलं तेव्हा. हे वाक्य मी खोडत नाही.

२ एप्रिल

ताईला दोन दिवस जेवण नको झालंय. उलट्या. सातव्या महिन्यात असं होतं का? शेजारणी म्हणतात होतं. अंगात कणकण आहे. मी लिंबू पिळून पाणी दिलं. नळाचंच.

५ एप्रिल

सकाळी ताई खिडकीपाशी वेणी घालत होती. उजेड तिच्या तोंडावर होता. मला वाटलं उन्हाचा रंग असेल. तिला म्हटलं इकडे बघ. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. एवढा पिवळा चौकोन माझ्या पट्टीवर नाही.

हॉस्पिटल. डॉक्टर भाऊजींना बाजूला घेऊन बोलले. मी ऐकलं. ही कावीळ इतरांना झाली तर महिन्याभरात बरी होते; गरोदर बाईला झाली तर बाई आणि मूल दोघंही हातातून जाऊ शकतात. पाण्यातून होते, म्हणाले. भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाणी चांगलं आहे, भाऊजी. रिपोर्ट आहे."

ते म्हणाले, "हो. रिपोर्ट आहे."

८ एप्रिल

खालच्या गल्लीतली चौदा माणसं हॉस्पिटलात आहेत. बाई म्हणाल्या, मी येते आज तुझ्याबरोबर. थेट बारा नंबरला आलो. मी त्यांच्यासमोर सगळं नीट केलं. हात धुतले, तोटी भाजली, दोन मिनिटं पाणी सोडलं. कॅन तीनदा विसळून भरला. मग काचेची बाटली उघडली, पाणी घेतलं, खळबळवलं, फेकलं. एक. पुन्हा. दोन.

"काय करतोस?"

"विसळतोय, बाई. तळाला डाग असतो ना."

त्या पहिल्यांदा बाटलीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्या नळाच्या कट्ट्यावर बसल्या. साडी भिजली तरी उठल्या नाहीत. मग हळूहळू बोलल्या, जसं लहान मुलाला गणित सांगतात. तो डाग म्हणजे मीच घातलेलं औषध. ते बाटलीत शिरताच क्लोरीनला थांबवतं. ते नसेल तर क्लोरीन बाटलीत काम करत राहतो. तू बारा ठिकाणी फिरून लॅबमध्ये येईपर्यंत चार तास जातात. चार तासांत बाटलीतले जंतू मरून जातात. मला मेलेलं पाणी मिळतं. "नळाखाली पेला धरणारा माणूस चार तास थांबतो का?"

मी विचारलं, जंतू मरतात तर मग ताईला—

"काविळीचा विषाणू इतका लवकर मरत नाही. मी बाटलीत मोजते ते जंतू म्हणजे नुसती घंटा असते. गटार पाण्यात आलंय एवढं सांगणारी. तू दर आठवड्याला घंटेला फडकं गुंडाळून आणत होतास."

नंतर म्हणाल्या, "मला कळायला हवं होतं. सहा वर्षं नापास होणारा नळ एका आठवड्यात पास होतो? पण दर आठवड्याला वर जाऊन वाईट बातमी सांगायची, शिव्या खायच्या. तुझे रिपोर्ट आले, मला झोप लागायला लागली."

ऑफिसात येऊन भिंतीपुढे उभा राहिलो. पाच : काचेची बाटली कधीही विसळू नये. खाली दोन रेघा मारलेल्या.

पाल नव्हती.

१० एप्रिल

आज बाराही बाटल्या न विसळता भरल्या.

११ एप्रिल

मुलगी होती. रडली नाही.

ताई अजून शुद्धीत नाही.

१२ एप्रिल

भाऊजींनी तिला एका टॉवेलमध्ये माझ्या हातात दिलं, कारण त्यांना कागदांवर सह्या करायच्या होत्या. वजन कितीसं असणार. भरलेल्या कॅनपेक्षा कमी. नखं होती, पूर्ण. मी नखंच बघत राहिलो. आणखी काही लिहिता येत नाही.

१३ एप्रिल

ताईने डोळे उघडले. पोटावर हात नेला.

१४ एप्रिल

दहा तारखेचा रिपोर्ट : बारापैकी सात नापास. बारा नंबरपुढे बाईंनी आकडाच लिहिला नाही. "मोजण्यापलीकडे" असं लिहिलं.

साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मत्स्यालयात पंप बुडबुडे सोडत होता. त्या माशांचं पाणी साहेब उकळून, गाळून घालतात हे शिपायाने मागे सांगितलं होतं.

"मार्चच्या तक्त्यात शून्य नापास, आणि एप्रिलमध्ये सात? वर काय सांगू मी?"

मी सांगितलं, बाटली विसळत होतो.

"ते कळलंय मला." माशांना चिमूटभर खाणं टाकलं. "पाईप बदलायचेत. पुढच्या वर्षी नक्की होणार. तोवर लोकांना घाबरवून काय साधणार? तू तुझ्या जुन्या पद्धतीने भर. तुला कायम करून घेतो."

"साहेब, माझी बहीण—"

"ऐकलं. फार वाईट झालं." माशांच्या खाण्याचा डबा बंद केला. "पण हे बाहेर गेलं तर पहिलं बोट कुणाकडे जाईल? पाईप मी पुरलेला नाही, बाबा. बाटली कुणी भरली?"

जिना उतरताना लक्षात आलं, की माणूस खोटं बोलला नाही. तेच फार लागलं.

आजवर अशा वेळी मी एकच गोष्ट केलीय. पिशवी भरली आणि निघालो. घरी येऊन पिशवी काढली. तीन शर्ट, वस्तरा, ही वही. मग वही परत बाहेर काढली.

१५ एप्रिल

ऑफिसचं नमुन्यांचं रजिस्टर घेतलं. आठ आठवडे, बारा नळ. प्रत्येक ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : बाटली विसळलेली, रिपोर्ट खोटा. शहाण्णव वेळा. खाली सही. बाईंनी समोरच्या टेबलावरून पाहिलं. थांबवलं नाही. मदतही केली नाही.

शेवटी शेवटी माझं अक्षर बरं यायला लागलं होतं.

१७ एप्रिल

साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. कारण : हजेरी अनियमित. हॉस्पिटलात होतो ते दिवस.

टेबलावर नवंकोरं रजिस्टर होतं. फेब्रुवारीपासूनचं सगळं उतरवून काढलेलं. शेऱ्याचे रकाने रिकामे. दहा एप्रिलची नोंदच नाही. अक्षर टपोरं, ओळखीचं. भिंतीवरच्या कागदाचं.

बाई फ्रीजमध्ये काहीतरी शोधत होत्या. मी जाईपर्यंत शोधतच होत्या.

जाताना काकांकडे गेलो. दारातच सांगितलं, तुमच्या हाताला काही नव्हतं, काका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ते मला माहीत होतं," म्हणाले. "पण तू बाजारात सांगितलंस तेव्हा नव्हतं माहीत."

आत ये म्हणाले नाहीत.

२० एप्रिल

ताईला घरी आणलं. चेहऱ्यावरचा पिवळेपणा उतरलाय, बाकी काही उरलंय असं वाटत नाही. भाऊजी पाळीवर गेले. ते माझ्याशी बोलतात, अगदी नीट बोलतात. मला आता मेहुणेबुवा म्हणत नाहीत.

नळ आला. ताई उठली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली, पातेलं भरायला लागली. मी म्हटलं, मी करतो. तिने पातेलं सोडलं नाही. दोघांनी मिळून शेगडीवर ठेवलं.

मग मी सांगितलं. सगळं. पाल, भिंतीवरची चौथी सूचना, न वाचलेली पाचवी, सरबतवाला, डाग, साहेब. ती पाण्याकडे बघत होती.

शेवटी म्हणाली, "वास मला येत होता."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. सकाळच्या पाण्याला यायचा."

"मग प्यायलीस का? परत उकळायचं ना!"

"तू कागद घेऊन आलास. आयुष्यात पहिल्यांदा तू कशाबद्दल तरी 'नक्की' म्हणालास." पदराने पातेल्याचा कान पुसला, उगाच. "मी उकळत बसले असते तर तुला काय वाटलं असतं?"

तळाशी बुडबुडे धरायला लागले होते. ते सुटून वर यायला लागले. आवाज यायला लागला. ती एका हाताने ओट्याला धरून उभी होती. पिशवी दाराशी होती, मी भरून ठेवलेली. तिने येताना पाहिली होती, मला माहीत आहे.

पाणी खळखळ उकळलं. वाफ तिच्या तोंडावर गेली तरी मागे सरकली नाही.

"पुरे का?" तिने विचारलं. मलाच विचारलं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "अजून थोडं राहू दे."